पंक्चर न झालेली सायकल

भूमेश्वरीचे सोळा सोमवार तिच्या नवऱ्याच्या, योगराज गुरुजींच्या सायकलीवर चालले होते. गुरुजींनी शाळेजवळच्या महादेवाचा बेल आणायचा, तिने तो दिवस मावळायच्या आत घरच्या पिंडीवर वाहायचा, मगच ताट. पण सलग तीन सोमवार नहराच्या पाळीवरच्या, म्हणजे कालव्याच्या बांधावरच्या, बाभळीने घात केला. पंक्चर, अंधार, आणि भूमेश्वरी उपाशी.

गुरुजी मनातून वरमले. नागपूरला जाऊन गिअरच्या सायकलीला ट्यूबलेस टायर बसवून आणले. आत ट्यूब नाही, नुसते पांढरे औषध. काटा रुतला तरी भोक आपोआप बुजते.

चौथ्या सोमवारी काटा रुतला तो नेमका धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपून परतणाऱ्या बायांसमोर.

"झाली जी गुरुजी, पंक्चर!" देवकाबाई हसली. "आता चाला आमच्यासंगं पायी."

गुरुजींना चेव आला. "पाहा आता!" म्हणत त्यांनी काटा उपसला. पांढरी धार उडाली, देवकाबाईच्या कपाळावर पडली आणि आपसूक थांबली.

देवकाबाईने हात जोडले. "सावन सोमवार, अन् दूध!"

"बाई, दवाई आहे ते!"

"दवाई अशी आपल्या मनानं थांबते का जी?"

तेवढ्यात पंक्चरवाला गुलाबचंद आला. टायर दाबून पाहिला, पुन्हा दाबला. "वीस साल झाले पंक्चर काढून राहिलो. हवा गेलीच नाही! ये तो चमत्कार है."

जाणकाराचीच साक्ष निघाल्यावर गुरुजींचे कोण ऐकतो? पिशवीतला बेल काढून बायांनी चाकाच्या तारांत खोवला. गुरुजी घाईने सायकलीवर टांग टाकू लागले.

"देवावर बसता का जी?" देवकाबाई कडाडली.

गुरुजी खाली उतरले. मावळत्या सूर्याकडे पाहत, हवेने टम्म सायकल ढकलत, मागून येणाऱ्या बायांच्या भजनाच्या तालावर घरी पोचले.

भूमेश्वरी दारातच होती. "पंक्चर झाली?"

"नाही."

"मंग पायी काऊन आले?"

गुरुजींनी मागच्या मिरवणुकीकडे बोट दाखवले आणि बारीक आवाजात म्हणाले, "बेल पण सायकलीलेच वाहला यायनं."

भूमेश्वरी चाकातली पाने एकेक सोडवत म्हणाली, "बेलाले शिळेपण नसते. धुतला का पुन्हा चालते." तिने बेल धुतला, पिंडीवर ठेवला, आणि मागे पश्चिमेला सूर्य बुडाला. गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. साधले!

पण सोमवारी दारी आलेल्या माणसांना उपाशी कसे पाठवायचे? अठरा बाया आणि गुलाबचंद पोटभर जेवले. भूमेश्वरीच्या वाट्याला गंजाच्या तळाला लागलेली भाताची करपलेली खरपुडी उरली. ती कुरकुर चावता चावता तिला हसू आवरेना.

"अवो," ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी जुनी ट्यूबच टाका. पंक्चर झाली त तुमी एकटेच येत होते."