नानाजींच्या ‘थे’चं रहस्य

मी शहजाद. महागावच्या बसस्टँडसमोर घड्याळं आणि मोबाइल दुरुस्त करायचं माझं दुकान आहे, पण ते जगाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यापुरतं. खरा मी गुप्तहेर आहे. नजर ससाण्याची, कान सशाचे आणि नाक... नाकाबद्दल माझी बायको कहकशां म्हणते, की ते लोकांच्या भानगडीत खुपसता यावं म्हणून अल्लानं खास लांब दिलंय. मी इतका गुप्त गुप्तहेर आहे, की बारा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला माझा पत्ता लागलेला नाही. तरीही मोठी प्रकरणं माझ्या नावावर जमा आहेत. चुलतभावाच्या वलीम्याच्या, म्हणजे लग्नानंतरच्या, जेवणात हरवलेली एक चप्पल मी अवघ्या दोन तासांत शोधून काढली. ती माझ्याच पायात निघाली हा तपशील गौण. सापडली की नाही?

तर, प्रकरण जानेवारीतलं. कापसाची वेचणी आटोपली होती आणि माझा शाळेपासूनचा दोस्त रजत दुपारी घरी सापडू लागला होता. त्याची बायको सुरभी शाळेत शिकवते. तिनं यवतमाळच्या कुठल्याशा प्रशिक्षणातून एक खेळ आणला आणि दर रविवारी दुपारी आम्ही दोन जोडपी त्यांच्या बैठकीत खेळायला बसू लागलो.

खेळ सोपा. प्रत्येकानं पाच चिठ्ठ्यांवर पाच शब्द लिहायचे आणि घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकायचे. जोड्या पाडायच्या. जोडीतल्या एकानं चिठ्ठी काढायची आणि तो शब्द न उच्चारता, नुसतं वर्णन करून, जोडीदाराकडून ओळखून घ्यायचा. एका मिनिटात होतील तितके. शब्दाचा तुकडा जरी तोंडातून निसटला तरी चिठ्ठी बाद. डबा रिकामा झाला की त्याच चिठ्ठ्या परत आत, आणि दुसऱ्या फेरीत सांगायचा तो फक्त एक शब्द. तिसऱ्या फेरीत तोंड बंद, नुसता अभिनय.

ऐकायला सोपं. खेळायला बसलं की नवरा-बायकोचं किती जमतं ते साठ सेकंदांत चव्हाट्यावर येतं.

मला ‘घड्याळ’ ही चिठ्ठी आली. मनात म्हटलं, हा तर घरचाच माल. मी कहकशांला विचारलं, “मी दुकानात दिवसभर काय दुरुस्त करतो?”

“बिघडवता.”

“बरं, काय बिघडवतो?”

“मोबाइल, रेडिओ, फिरोजभाईंचा ट्रिमर, माझा मिक्सर...” यादी संपायच्या आत मिनिट संपलं.

रजतचं आणखीच और. त्याला शब्द पोटात ठेवताच येत नाही. ‘ट्रॅक्टर’ची चिठ्ठी पाहून त्यानं अर्धा मिनिट डोकं खाजवलं आणि सुरभीला म्हणाला, “अवं, आपला ट्रॅक्टर उभा असते ना अंगणात, थो काय हाय?” चिठ्ठी बाद. सुरभी त्यानंतर चहा होईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या रविवारी सुरभीनं सासू-सासऱ्यांनाही बसवलं. सासरे नानाजी अडुसष्टचे, कानात ऐकायचं यंत्र, तोंडात सुपारी. सासू विमलकाकू बासष्टच्या. काकूंना मी लहानपणापासून कायम चालताना पाहिलंय. चुलीकडून बैठकीकडे, बैठकीकडून चुलीकडे. त्या सतरंजीवर टेकल्या, तरी अर्ध्या उठलेल्याच होत्या. “मले कायले बसवता वं? भजे कोण तळन?”

सुरभीनं मोबाइलवर मिनिट लावलं. नानाजींनी चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, “अवं, थे. थ्याच्यात थे टाकत नाही का आपण, थ्या दिवशी थ्यानं आणलं होतं.”

“पळी,” काकू म्हणाल्या.

पळीच होती.

“थो गेलता ना थ्याच्यासंगं, मंग सारं थे झालं.”

“निवडणूक.”

“थे नाही का, तू म्हणे नको, मी म्हटलं राहू दे.”

“कुत्रं.”

एका मिनिटात अकरा चिठ्ठ्या. आम्ही चौघांनी मिळून पाच केल्या होत्या. सुरभी आणि कहकशांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पदरानं तोंड पुसलं, मागं वळून पाहिलं की टाळ्या नक्की कोणासाठी आहेत, आणि मग नीट मांडी घालून बसल्या.

पुढच्या रविवारी काकूंनी अकरालाच स्वयंपाक उरकला होता. भजी गार झाली तरी कोणी उठलं नाही. त्या पुन्हा जिंकल्या.

मी टाळ्या वाजवल्या, पण माझ्यातला गुप्तहेर टाळ्या वाजवत नव्हता. चौथी शिकलेल्या बाईनं आणि धड एक वाक्य न बोलणाऱ्या माणसानं आमच्यासारख्या सुशिक्षितांना हरवावं? इथं काहीतरी पाणी मुरत होतं.

माझा पहिला सिद्धांत होता, चिठ्ठ्यांवर खुणा आहेत. मी सगळ्या चिठ्ठ्या स्वतः कापल्या, स्वतः घड्या घातल्या. नानाजी-काकू तेरा. आम्ही दोन, कारण माझं सगळं लक्ष घड्यांकडे होतं.

दुसरा सिद्धांत मी रात्रंदिवस विचार करून काढला. कानातलं यंत्र! त्यातून बाहेरचा कोणीतरी नानाजींना माहिती पुरवतोय. मी घड्याळजी, मला यंत्रं कळतात. मी म्हटलं, “नानाजी, थोडं तपासून देतो, सर्विसिंग फुकट.” यंत्र काढून खेळ संपेपर्यंत खिशात ठेवलं. नानाजींना मग ढोल वाजला तरी ऐकू येईना. तरी चौदा.

घरी जाताना कहकशां म्हणाली, “चिठ्ठी नानाजींच्याच हातात असते. त्यांना शब्द दिसतोय. ओळखायचं काकूंना असतं. मग नानाजींच्या कानात कोणी काय सांगणार?”

हा मुद्दा माझ्याही लक्षात येणारच होता. ती आधी बोलली, एवढंच.

तिसरा सिद्धांत मात्र बिनतोड होता. दुसऱ्या फेरीत फक्त एक शब्द सांगायची मुभा, आणि नानाजी दरवेळी एकच शब्द सांगत: “थे!” त्यावर काकू कधी ‘झाडू’ म्हणत, कधी ‘पोलीस’, कधी ‘माहूर’, आणि ते बरोबर निघे. म्हणजे हा ‘थे’ आमच्या वऱ्हाडीतला साधा ‘ते’ नव्हता. ती गुप्त लिपी होती! मी मोबाइलवर चोरून आवाज टिपले आणि दुकानात बसून तक्ता केला. आखूड ‘थे’, म्हणजे स्वयंपाकघर. लांब ‘थेऽऽ’, म्हणजे शेत किंवा परगाव. नाकातला ‘थें’, म्हणजे नातेवाईक, बहुधा काकूंच्या माहेरचे. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ त्या गडबडीत मी उलटं चालवून दिलं, पण तक्ता पूर्ण झाला.

सहाव्या रविवारी, खेळ सुरू व्हायच्या आधी, मी उभा राहिलो. तक्ता उलगडला.

“मंडळी,” मी म्हणालो, “या घरात एक गुप्त लिपी चालू आहे.”

“लिपी?” काकू हसल्या. “मले तं सही कराले वेळ लागते, बाबू.”

मी एकेक ‘थे’ वाजवून दाखवला. बैठकीत शांतता पसरली. ती माझ्या बुद्धीला दाद आहे असं मी समजलो, आणि तिथंच चुकलो.

“म्हणजे मी लबाडी केली म्हणून राह्यला का तू?” काकूंनी विचारलं.

“लबाडी नाही, काकू. संगनमत.”

त्यांना तो शब्द कळला नसावा, पण सूर कळला. त्या उठल्या. हातातल्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, डब्याला झाकण लावलं. “मले नाही खेळाचं, बाप्पा. बसा तुम्ही. मी चहा ठेवते.”

त्या आत गेल्या. कहकशां माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे गेली. ती माझ्याकडे बघत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

रजत दबक्या आवाजात म्हणाला, “तुले काही समजते का रे? चार रविवारांपासून मायचा चेहरा पाह्यला का तू? काल रात्री बसून तिनं साऱ्या चिठ्ठ्या कापल्या. साठ वर्षांत थे कधी कोणाशी जिंकली नाही. काहून केलं असं?”

या प्रश्नाला तक्त्यात रकाना नव्हता. मी तक्त्याची घडी करून खिशात घातली आणि माफी मागायला स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. काकूंची पाठ माझ्याकडे होती. चहात साखर घालत होत्या, आणि मधूनच पदर डोळ्यांना लावत होत्या. मला पुढं जायचा धीर होईना.

तेवढ्यात बैठकीतून नानाजींचा आवाज आला. त्यांना झाल्या प्रकारातलं अर्धंच ऐकू गेलं होतं.

“अवं! थे दे ना वं!”

काकूंनी मागं वळूनही पाहिलं नाही. डाव्या हातानं फळीवरचा अडकित्ता काढला आणि कहकशांपुढे धरला. “थ्याईले नेऊन द्या.”

कहकशांनी अडकित्ता घेतला आणि ती जागीच थांबली. “काकू, तुम्हाला कसं कळलं?”

“काय?”

“की अडकित्ताच पाहिजे?”

काकूंना प्रश्नच समजेना. “मंग अजून काय मागतीन? पानाचा डब्बा उघडल्याचा आवाज आला. सुपारी आख्खीच होती आतमध्ये.” मग थोड्या चिडूनच म्हणाल्या, “थ्याईच्या तोंडून कोण्या वस्तूचं नाव निघते का कधी? लग्न होऊन आली तवापासून थे दे, थे आण, थ्याच्यातलं काढ. पयल्या वर्षी रडत होती मी. मंग शिकली.”

कहकशांनी वळून माझ्याकडे पाहिलं. “घ्या, गुप्तहेर. ही तुमची लिपी.”

मी दारात उभा होतो. डोक्यात सगळे काटे एकदम बारावर आले. या खेळातला सगळ्यात अवघड नियम कोणता, तर शब्द उच्चारायचा नाही. आम्ही त्यासाठी जीभ चावत होतो. नानाजी तो नियम बेचाळीस वर्षं पाळत होते. आणि काकू बेचाळीस वर्षं, सकाळी चहापासून निजेपर्यंत, बिनगुणांचा हा खेळ खेळत होत्या.

मी पुढं झालो आणि कान धरले. काकू हसल्या नाहीत.

“इथं नको,” त्या म्हणाल्या. “थ्या खोलीत म्हटलं होतं ना? थ्याच खोलीत धर.”

बरोबर होतं त्यांचं. मी बैठकीत गेलो, सगळ्यांसमोर कान धरले आणि म्हणालो, “काकूंनी काही लबाडी केली नाही. त्या आमच्यापेक्षा हुशार आहेत. मी गाढव आहे.”

“हे तपासून घेतलं का?” सुरभीनं विचारलं. रजत हसला, म्हणजे निम्मी माफी मिळाली. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि ट्रे ठेवून, न सांगता, आपल्या जागेवर बसल्या.

पण माझी इज्जत अजून सतरंजीवर पडलेली होती. ती उचलायला मी म्हणालो, “शास्त्र म्हणून एक प्रयोग करू. आज उलटं. काकू सांगतील, नानाजी ओळखतील.”

“काहून नाही!” नानाजी म्हणाले आणि मिशीवर हात फिरवला.

काकूंनी पहिली चिठ्ठी काढली. “तुमच्या नाकावर हाय.”

“माशी?”

“नाही हो. हे नसलं तं तुमाले पेपर वाचता येत नाही.”

“वीज?”

चष्मा होता. काकूंनी चिठ्ठी बाजूला ठेवली, दुसरी काढली आणि क्षणभर नुसत्या पाहत राहिल्या. अक्षर त्यांचंच असावं. आपलीच चिठ्ठी आली तरी खेळावी लागते, हा नियम.

“मले पाहाचा हाय,” त्या म्हणाल्या.

“सिनेमा?”

“नाही. लग्न झालं तवापासून पाहाचा हाय.”

नानाजी विचारात पडले. “नातू?”

सुरभी खोकली.

“नाही. खारा असते थो.”

“लोनचं?”

“लोनचं पाहाले कोण जाते? मोठा असते. लई मोठा. थ्याच्या पलीकडलं काही दिसत नाही. पाणीच पाणी.”

“इसापूरचं धरण!” नानाजी जोरात म्हणाले. “दाखवलं होतं ना तुले! दोनदा!”

“थ्याच्याहून मोठा,” काकू म्हणाल्या.

आम्हा चौघांनाही उत्तर आलं होतं, आणि नियमानं चौघांनाही बोलायची बंदी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर माहीत असताना गप्प बसलो. मिनिट संपल्याची घंटी वाजली.

नानाजींनी चिठ्ठी मागून घेतली. डोळ्यांजवळ नेली. “समुद्र,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग काकूंकडे पाहिलं. “कवा म्हटलं होतं तू मले?”

“कवा नाही म्हटलं?” काकूंच्या आवाजात राग नव्हता. “रजत पोटात होता तवा. मंग शेजारची इंदूबाई गेली यात्रा कंपनीसंगं तवा. मंग रजतच्या लग्नात. मांगच्या दिवाळीले टीव्हीवर दाखवून राह्यले होते, तवाबी म्हटलं. तुम्ही म्हणे, आवाज कमी कर.”

नानाजींनी चिठ्ठी परत एकदा वाचली. सुपारी तोंडात तशीच होती. मग म्हणाले, “मले अजून एक मिनिट पाह्यजे.”

“बाबा, नियम एकाच मिनिटाचा हाय,” रजत म्हणाला.

“तुह्या नियमाले घाल चुलीत.” ते काकूंकडे सरकून बसले. “अजून काय काय हाय पाहाचं? सांग. सावकाश सांग.”

काकूंनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मग सांगायला लागल्या. त्या दिवशी पुढचा खेळ झालाच नाही. आमचा चहा निवला. कहकशांनी माझ्या कोपराला धरून मला हळूच बाहेर काढलं, तेव्हा काकू सातव्या गोष्टीवर होत्या आणि नानाजी बोटांवर मोजत होते.

हरभरा निघाल्यावर नानाजी स्वतः डेपोत जाऊन तिकिटं काढून आले. दोघं कोकणात आठ दिवस राहून आली. परतल्यावर पहिल्या रविवारी आम्ही सगळे गेलो. काकूंच्या चेहऱ्याचा रंग उन्हानं रापला होता.

“कसा होता, आई?” सुरभीनं विचारलं.

काकू बोलायला गेल्या. “पाणी येते ना वं... दुपारी दूर असते, लई दूर. मंग येते, सारं आपल्याकडंच येते, पायाखालची रेती घेऊन जाते... थ्याले...” हात पुढं-मागं होत राहिला. शब्द काही सापडेना. बेचाळीस वर्षांत काकू पहिल्यांदाच अडल्या असाव्यात. मी तोंड उघडलं. कहकशांनी माझ्या पायावर पाय दिला.

“भरती,” नानाजी म्हणाले. एकदम स्पष्ट.

काकू त्यांच्याकडे वळल्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “भरती.”