तुलना गटातली दाढ

माणसाचा दात पाडणं ही कायद्याच्या लेखी गंभीर दुखापत आहे. हाताचं हाड आणि तोंडातला दात कायदा एकाच तागडीत तोलतो, आणि ते योग्यच आहे. हात मोडला तर माणूस एक वेळ निभावून नेईल, पण सोलापूर जिल्ह्यात दात नसले तर कडक भाकरीकडं नुसतं बघत बसावं लागतं. दुधनीच्या नागनाथ कलशेट्टीनं बांधाच्या भांडणात चुलतभाऊ विरेशच्या तोंडावर खोऱ्याचा दांडा हाणला आणि त्याचा समोरचा दात पाडला. त्यामुळे तो कच्चा कैदी म्हणून कारागृहात आला. कारागृह नेमकं कुठलं, हे विचारू नये. जिल्ह्यात आहे असं समजावं, आणि शोधूनही सापडलं नाही तर ते आपल्या चांगल्या वर्तणुकीचं लक्षण मानावं.

आत आल्यावर नागनाथची स्वतःचीच दाढ दुखायला लागली. डावीकडची, खालची. "देवाच्या कोर्टात तारीख पडत न्हाय," असं बराकीतले आप्पा म्हणाले. आप्पा टेंभुर्णीचे. हायवेवरच्या ट्रकमधला माल मालकाला न विचारता उतरवून घेण्यात त्यांची उमेदीची वर्षं सरली होती, आणि येऊनजाऊन राहिल्यामुळे आतल्या कारभाराची त्यांना खडान्‌खडा माहिती होती.

कैद्याची दाढ काढायची तर त्याला सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं, न्यायचं तर पोलिसांचा पहारा लागतो, आणि पोलीस कायम बंदोबस्तावर असतात. कधी जयंती, कधी निवडणूक, कधी पाहुणा मंत्री. नागनाथची दाढ गणपतीत ठणकायला लागली. दसरा झाला, दिवाळी झाली, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत तर गाल असा सुजला की नवा कैदी त्याला दोन बाजूंनी दोन वेगळी माणसं समजे. रात्री झोप नाही, दिवसा घास नाही. माणूस रडकुंडीला आला होता. विरेशचा दात एका फटक्यात गेला, त्याचं नशीब थोर, असं त्याला मनापासून वाटायला लागलं.

ज्या सकाळी अखेर दोन शिपाई बेडी घेऊन त्याला न्यायला फाटकाशी हजर झाले, नेमक्या त्याच सकाळी डॉक्टर ऋतुजा आपलं संशोधन घेऊन आल्या. बाई मनाच्या चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. या गोष्टीतले सगळेच मनाचे चांगले आहेत. अडचण तिथंच आहे.

सगळ्या कैद्यांना अंगणात बसवून डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. "आजवर तुमच्या दातांची काळजी अंदाजानं घेतली गेली. आता आम्ही ती पुराव्यानिशी घेणार आहोत."

"म्याडम, पुरावा हितं हाय की," नागनाथनं गालावर हात ठेवून सांगितलं.

बाई हसल्या. मग त्यांनी रीत सांगितली. कैद्यांचे दोन गट होणार. पहिल्याला ब्रश, पेस्ट आणि उपचार. दुसऱ्याला तूर्त काहीच नाही, तो तुलनेसाठी. शेवटी दोन्ही गटांची दातदुखी ताडून बघायची. उपचारानं फरक पडतो असं सिद्ध झालं, की राज्यातल्या सगळ्या कैद्यांना दंतसेवा.

"आन्‌ फरक न्हाय पडला तर?" आप्पांनी विचारलं.

"पडणारच, आजोबा. विज्ञान आहे हे."

कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं होतं. पण जेलर मिरगणेसाहेबांनी बाईंचा तेवढा वेळ वाचवला. साहेब बार्शीचे, त्यांचे वडील हेडमास्तर. शाळेत तपासणी आली की हुशार पोरं पहिल्या बाकावर बसवायची आणि ढ पोरं मैदानातले खडे वेचायला पाठवायची, ही रीत साहेबांनी लहानपणापासून बघितलेली. त्या रीतीनं शाळेला दरवर्षी 'उत्तम' शेरा मिळत गेला होता. तेव्हा उपचार गटाचा निकाल चांगला लागायचा तर त्यात दात चांगले असलेलेच घ्यायला हवेत, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून तोंडं उघडायला लावली आणि चिठ्ठ्या त्यानुसार निघाल्या. पहिली चिठ्ठी युवराजची. हा पोरगा मोटारसायकली चोरायचा, पण उसाचं कांडं दातांनी असं सोलायचा की बघत राहावं. तुलना गटात पहिलं नाव आपसूकच नागनाथचं लागलं.

उपचार गटाची तोंडं तपासताना बाईंच्या कपाळाला आठी पडली. "साहेब, यांना उपचार करण्यासारखं काही दिसतच नाही."

"म्हणजे सुरुवातच चांगली झाली की मॅडम," मिरगणेसाहेब म्हणाले.

नावं संगणकात गेली होती. बदलायची तर समितीची परवानगी लागणार होती, समिती बसायला उन्हाळा उजाडणार होता आणि निधी मार्चअखेर संपणार होता. बाईंनी आठी पुसली. फाटकावरचे दोन शिपाई नागनाथला न घेताच परत गेले.

"म्हंजे माजी दाढ काडनार न्हाय?" नागनाथनं विचारलं.

"काका, तुमची दाढ आता आमच्यासाठी फार मोलाची आहे. ती आहे तशीच राहिली पाहिजे."

"पर दुखतीया की."

"तेच तर मोजायचंय."

मोजायला एक तक्ता होता. त्यावर ओळीनं तोंडं काढलेली, एका टोकाला हसरं, दुसऱ्या टोकाला रडकं. दर सोमवारी बाई तो पुढं धरायच्या आणि नागनाथ रडक्या तोंडावर बोट ठेवायचा. सवयीनं बाईंच्या तोंडून "छान" निघून जायचं, मग त्या ओशाळायच्या आणि लिहून घ्यायच्या.

उपचार गटाला ब्रश मिळाले. ब्रशची दांडी घासून टोकदार करता येते, म्हणून सुरक्षेच्या दृष्टीनं दांड्या कापण्यात आल्या. उरलेला कुंचा चिमटीत धरून कैदी सकाळ-संध्याकाळ दात घासायला लागले, आणि दांडीचा कापलेला कोपरा त्यांच्या हिरड्या सोलायला लागला. शिपाई समोर उभा राहून जोर लावायला सांगायचा. युवराज लाल थुंकत म्हणायचा, "सायेब, माजं काय चुकलं?"

नागनाथला मात्र कुणी हातही लावत नव्हतं. मुलाखतीला त्याची बायको चंद्रव्वा आली ती पदराच्या गाठीत लवंग बांधून. शिपायानं गाठ सोडायला लावली.

"हे औषध आहे. तुलना गटाला औषध चालत नाही."

"लवंग हाय वो. भाजीत घालत्यात की."

"भाजीत चालेल. दाढेत नाही."

चंद्रव्वा जाळीतून नवऱ्याच्या सुजलेल्या तोंडाकडं बघत राहिली. घरी असताना ती त्याच्याशी फार गोड कधी बोलली नव्हती. जाताना ती शिपायाला एवढंच म्हणाली, "जनावराला बी लावत्यात वो लवंग."

आप्पांना ते बघवलं नाही. त्यांनी घोंगडीचा दोरा काढला, मेण लावून पीळ दिला आणि म्हणाले, "आ कर. एक हिसका देतो, सुटशील." दाढ हलतच होती. हिसका बसला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण बराकीतल्या कुणीतरी चाड्या केल्या आणि मिरगणेसाहेब धापा टाकत आले. त्यांना दुहेरी घाम फुटला होता. कोठडीत दात पडला तर ती गंभीर दुखापत, म्हणजे चौकशी. आणि तुलना गटातला पडला तर संशोधनच पडलं.

त्या दिवसापासून दाढेला बंदोबस्त मिळाला. नागनाथला दवाखान्यात न्यायला चार-पाच महिने जो पोलीस सापडत नव्हता, तो त्याची दाढ राखायला लगेच सापडला. ताटात फक्त पातळ भात, म्हणजे दाढेला धक्का नको. संध्याकाळच्या हजेरीला कैदी मोजून झाले, की शिपाई नागनाथच्या तोंडात बॅटरी मारायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "कैदी पूर्ण, दाढ जागेवर, सर्व ठीक."

मध्ये त्याच्या जामिनाची तारीख आली. हल्ली कैद्याला कोर्टात नेत नाहीत, पडद्यावर दाखवतात. पडद्यावर न्यायाधीशांना फुगलेला गाल दिसला.

"कोर्टासमोर मावा खाता? तोंडातलं काढा आधी."

"त्याच्यासाटीच तर समद्यांच्या पाया पडतोय सायेब. कुणी काडू दीना."

पुढची तारीख पडली. आता नागनाथला कळलं, की दाढ आत आहे तोवर तोही आत आहे.

मार्च आला. निकाल बघायला वरचे साहेब येणार होते. अंगणात मांडव पडला, दाढेच्या आकाराची रांगोळी निघाली. संशोधनाचे आकडे साहेबांना ऐकवण्यापेक्षा डोळ्यांना दिसावेत, म्हणून मिरगणेसाहेबांनी एक प्रात्यक्षिक योजलं. उपचार गटातले कैदी साहेबांसमोर कडक भाकरी फोडून खाणार. सोलापुरात दाताची याहून मोठी परीक्षा नाही.

युवराज पुढं आला. पापडासारखी कडकडीत ज्वारीची भाकरी त्यानं तोंडात धरली आणि कळवळून बाहेर काढली. भाकरीची कड लाल झाली होती. त्याच्या मागचे पाचही तसेच.

"दुखतं का?" साहेबांनी विचारलं.

"आदी कदी दुकत न्हवतं सायेब. ह्यो उपचार सुरू झाल्यापासनं दुकतंय."

साहेब शास्त्रशुद्ध विचारांचे होते. ते म्हणाले, "मग दुसरा गटही बघायला हवा. तुलना म्हणता ना?"

नागनाथला पुढं आणलं. डॉक्टरबाई काही बोलायला उठल्या, तोवर त्याच्या हातात भाकरी गेली होती. आत आल्यापासून त्यानं कडक भाकरी बघितली नव्हती. तिचा वास आला आणि त्याला घरची चूल दिसली, चंद्रव्वाचे पिठाळ हात दिसले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढेचं, संशोधनाचं, जामिनाचं काय व्हायचं ते होवो, असं म्हणून त्यानं डोळे मिटले आणि मुद्दाम डाव्या बाजूनं कडकडून चावा घेतला.

भाकरी तुटली. तिच्यात रुतून दाढही बाहेर आली. पहाऱ्याचा शिपाई सवयीनं म्हणाला, "कैदी पूर्ण, दाढ..." आणि थांबला.

"आता दुखतंय?" साहेबांनी विचारलं.

नागनाथनं चूळ भरली. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा तो हसला. "न्हाय सायेब. लई बरं वाटतंय."

बाईंनी तक्ता पुढं धरला. नागनाथनं हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. आकडा तो आकडा, तो लिहावाच लागला.

दाढ वरिष्ठांच्या समक्ष पडल्यामुळे चौकशीचा प्रश्न मिटला. राहिला निष्कर्ष. तोही स्वच्छ होता. ज्यांना उपचार दिला त्यांना आधी दुखत नव्हतं, आता दुखतं. ज्याला दिला नाही त्याला आधी दुखत होतं, आता दुखत नाही. बाईंनी जीव तोडून लिहिलं, की गट चुकीचे पडले होते, यावरून काहीही ठरवू नये. ते परिशिष्टात गेलं, आणि परिशिष्ट वाचायला नसतं, जोडायला असतं. कैद्यांची दंतसेवा बंद झाली. ही बातमी छापून आली तेव्हा आपण सगळ्यांनी चहा पिता पिता मान डोलावली. गुन्हेगारांना कशाला हवेत चांगले दात? पाडतात तेव्हा दुसऱ्यांचेच ना?

पण सरकार न्यायी असतं. उपचार न देण्याचा एवढा फायदा फक्त कैद्यांना द्यायचा आणि प्रामाणिक नागरिकांना त्यापासून वंचित ठेवायचं, हे त्याच्या मनाला पटलं नाही. त्यानं ती योजना सर्वांसाठी खुली केली.

नागनाथचा गाल उतरला, पडद्यावर तोंड रिकामं दिसलं आणि जामीन झाला. पुढच्या थंडीत त्याची उजवी दाढ ठणकायला लागली. आता बेडी नव्हती, पहारा नको होता. तो दुधनीहून एसटी पकडून सरकारी दवाखान्यात आला. दातांच्या खोलीतली खुर्ची चादरीनं झाकली होती आणि दारावर पाटी होती, 'संशोधनाअंती दाढदुखी आपोआप थांबते. कृपया बाकावर बसावे.'

बाकावर माणसंच माणसं, सगळ्यांचे हात गालावर. इतक्यात इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आले. त्यांनी पाटी वाचली, मग नागनाथकडं वळून सुजल्या तोंडानं म्हणाले, "आयुष्यात कधी सिग्नल मोडला नाही मी. जेलमधल्या लोकांचे लाड करायला यांच्याकडं डॉक्टर असतात, आणि आमच्यासारख्यांना बाकडं."

"बसा की सायेब," नागनाथ सरकून घेत म्हणाला. "तुमी बी आमच्याच गटातलं."

"कुठला गट?"

"तुलनेचा. दुसऱ्या गटाचं दात आदीपासनंच चांगलं असत्यात."

गृहस्थांना राग आला. पण दाढेत अशी कळ आली, की ते नागनाथशेजारी बाकावर बसले.