जोतीराम पेंटर आणि भोपळ्यांची पाटी

आमच्या गल्लीतल्या जोतीराम पेंटरकडे दाराची पाटी रंगवायला टाकली, की पाटीच्या आधी चौकशी सुरू होते. माणूस सत्तरीचा, बनियनवर सात रंगांचे डाग, कानावर ब्रश. पाटी केवढी, अक्षरं कुठल्या रंगाची, यातलं तो काही विचारत नाही. डोळे बारीक करून एवढंच म्हणतो, "आडनावाचा अर्थ काय?"

सांगता आला तर आठवड्यात पाटी. नाही आला तर बसा बोंबलत. "अर्थ कळल्याबिगर आपुन ब्रश उचलत न्हाय," हे त्याचं ठरलेलं. मग तो एसटीत बसून तुमच्या मूळ गावाला जातो, देवळात गुरवाला गाठतो, पारावरच्या म्हाताऱ्यांचा चहा पितो आणि तुमचे पूर्वज उकरून काढतो. एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं उद्घाटन तोंडावर आलं तरी पाटीचा पत्ता नाही. डॉक्टर तणतणत आले, तर हा म्हणतो, "तुमी तरी नाडी बघितल्याबिगर गोळी देता व्हय?" बिचाऱ्यांनी कापडी फलक लावून रिबन कापली.

बरं, अर्थ तरी बरोबर काढावेत? छे! निम्मे त्याच्या डोक्यातूनच निघालेले. शेजारच्या रणदिवे वहिनींना त्यानं सांगितलं, तुमचे पूर्वज रात्रीच्या लढाईत दिवटी धरून सगळ्यांच्या पुढं असायचे. वहिनींचे सासरे म्हणाले, "अरे, आमच्यात तर पिढ्यान्‌पिढ्या रातांधळेपणा आहे." हा लगेच म्हणाला, "मग दिवा लागणारच की!"

मी भोपळे. हसून घ्या. शाळेत गणितात शून्य पडलं की मास्तर वर्गाला विचारायचे, भोपळ्याला काय मिळालं सांगा. ते मी केव्हाच पचवलंय. माझं दुखणं वेगळंच होतं. आम्हाला भावकीच नव्हती. आजी ऐन तारुण्यात विधवा झाली, सासरी भांडण झालं, आणि ती माझ्या वडिलांना कडेवर घेऊन कोल्हापुरात आली. गावाचं नाव तिनं मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही. लोकांच्या लग्नात भावकी रुसते, मानपानावरून ताट सोडून उठते. आमच्याकडे रुसायलासुद्धा कोणी नव्हतं. वडील जाताना म्हणाले, "आपली माणसं कुठंतरी असतील रे." पण शोधायची कशी? आजीनं मागं ठेवले होते ते दोन नियम. घरात भोपळा शिजवायचा नाही. आणि कुळदेवाच्या नैवेद्याचं ताट भावकीबाहेर कुणाला द्यायचं नाही.

नवीन फ्लॅट घेतला, वास्तुशांत ठरायची होती, तेव्हा मी पेंटरकडे गेलो. म्हटलं, "मामा, अर्थ माहीत नाही आणि गावही माहीत नाही. नुसती पाटी करा." मला वाटलं, कटकट टळली. तर ह्याचा चेहरा उजळला. "गावबी म्हाईत न्हाय? मर्दा, मग हितकी वर्सं कुठं हुतास?"

पहिल्या झटक्यालाच तो शिरोळकडे जाऊन आला आणि जिन्यातूनच ओरडला, "भोपळं घावलं! तुज्या पूर्वजानं कमरंला वाळलेलं भोपळं बांधून पुरातनं माणसं काढल्यात!" माझ्या अंगावर काटा आला. माझ्या बायकोनं मात्र शांतपणे विचारलं, "मामा, त्यांच्यात भोपळा खातात?"

पेंटर खाली बसला. "सकाळी घारगं केलतं. पोट फुटस्तोवर खाल्लं म्या."

भोपळ्याचे गोड घारगे म्हणजे ह्याचा जीव की प्राण. आमच्या घरी ते कधीच मिळत नाहीत, म्हणून आमच्यावर त्याचा कायमचा राग.

"मग ते आमचे नव्हेत," बायको म्हणाली.

"तरी म्हणलं, एवढं ग्वाड घारगं तुमच्या नशिबात कुठलं!"

तेव्हापासून तो गावोगाव एकच विचारत सुटला, "भोपळा न खाणारं भोपळं हाईत का हितं?" लोकांना वाटायचं, म्हातारं खुळं झालंय. पावसाळा गेला, दसरा गेला, दार तसंच बोडकं. माझं डोकं फिरलं. "बस्स झालं मामा, प्लॅस्टिकची पाटी आणून चिकटवतो." तो शांतपणे म्हणाला, "चिकटव. दार तुजं हाय. आडनाव एकट्याचं न्हाय."

आणि एके दिवशी ऑफिसात त्याचा फोन आला. मागं कोंबड्या ओरडत होत्या, त्यांच्यावर हा ओरडत होता. "नेसरीला हाय! हितलं भोपळं येलाला हात जोडत्यात रं! भोपळा म्हंजी ह्येंचं देवक, म्हणून खाईत न्हाईत. गंगाक्का हाईत हितं. तुज्या आजीचं नाव सांग!"

"हौसा," मी म्हटलं.

फोनवर एका म्हातारीचा हुंदका ऐकू आला. तीच गंगाक्का, माझ्या वडिलांची चुलत बहीण. मी ऑफिसात सगळ्यांदेखत रडलो आणि मला काडीचीही लाज वाटली नाही. नाक पुसत मी विचारलं, "आणि मामा, अर्थ?"

"अर्थ गेला खड्ड्यात! माणसं घावल्यात, माणसं!"

वास्तुशांतीला नेसरीहून टेम्पो भरून भावकी आली. तासाभरात दोन चुलतभाऊ टोपी-टॉवेलच्या मानावरून रुसून गच्चीवर जाऊन बसले. मला काय आनंद झाला सांगू! माझ्यावर, हक्कानं, कोणीतरी रुसलं होतं!

जेवणाच्या आधी गंगाक्कानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "बाळ, त्यो पेंटर आमच्या गावातनं निघताना काय इचारत हुता, म्हाईत हाय? 'जोतिबाच्या यात्रंत तुमच्या हितल्या कुणाचं ल्हान पोरगं हरवलं हुतं का वो, लई वर्सांमागं?' म्या म्हणलं, कुणाचं रं? तर म्हणाला, 'असंच. वळखीच्यातलं हाय.'"

मी हातात डाव घेऊन तसाच उभा राहिलो. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल विकणाऱ्या एका म्हातारीनं ह्याला वाढवलं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती त्याची सख्खी आजीच, असं आम्ही धरून चाललो होतो. शहरभरच्या पाट्यांच्या कोपऱ्यात तो 'जोती पेंटर' एवढंच लिहितो, आणि पेंटरच्या जागी कुठलं आडनाव असायला हवं होतं, हे कोणी विचारलंच नव्हतं. आमच्या आडनावांचं निमित्त करून हा माणूस गावोगाव स्वतःचं घर शोधत हिंडत होता.

तो बाहेर पाटीचा शेवटचा स्क्रू पिळत होता. मग हात धुऊन कडेला, जिन्यापाशी बसला. गंगाक्का देवापुढचं ताट उचलून सरळ त्याच्याकडे निघाली. एक चुलतभाऊ कुजबुजला, "आक्का, ते नैवेद्याचं हाय. भावकीतच..."

"मला शिकवू नगंस!" तिनं ताट पेंटरपुढं ठेवलं. "खा, जोती."

तो ताटाकडे बघत हळूच म्हणाला, "आक्का, ह्ये खाल्लं म्हंजी मला भोपळा सोडाय लागंल नव्हं?"

"लागंल की."

"घारगंबी?"

"घारगंबी."

त्यानं रंग लागलेल्या कोपरानं डोळे पुसले आणि पोळीचा तुकडा मोडला.

त्याचे उपकार माझ्यानं या जन्मी फिटायचे नाहीत. एकदा तसं बोलायला गेलो, तर म्हणाला, "गप, दीडशहाण्या. च्या सांग."

परवा तो आमच्याकडेच बसला होता, तर रणदिवे वहिनी त्याच्यासाठी म्हणून गरम घारगे घेऊन आल्या. तुपाचा वास घरभर सुटला. त्यानं एकदा डोळे मिटून तो वास पोटभर घेतला आणि ताटली हलकेच मागं सारली.

"नगं, वैनी," तो म्हणाला. "आमच्यात भोपळा चालत न्हाय."