हॉलिवूडच्या म्हातारीची दोन मिनिटं

या सिनेमातून मच्छिंद्र मास्तराला तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली, हायस्कुलातली कायमची नोकरी. दुसरी, बायको, कारण देवळाली प्रवऱ्याच्या आसाराम पाटलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पोरगी देतो, पन टेंपरवारी मास्तरला न्हाई. उद्या तुमाला काढलं तर काय तिनं बी टेंपरवारीच नांदायचं का?" तिसरी, बायकोबरोबर येणारी सायकल, मागे कॅरिअर आणि पुढे डायनामोचा दिवा असलेली. तिन्ही गोष्टी आगगाडीच्या डब्यांसारख्या एकीला एक जोडलेल्या होत्या आणि इंजिन होतं आप्पासाहेबांची सही.

आप्पासाहेब म्हणजे कोंढारवाडी शिक्षण मंडळाचे चेअरमन. सोमवारी मंडळाची मीटिंग होती. विषय क्रमांक दोन, मास्तराला कायम करणे. विषय क्रमांक एक नेहमीचाच, दुखवटा. मीटिंग मंडळाची असो, सोसायटीची असो, नाहीतर पोळ्याच्या बैलांची रांग ठरवायची असो, मागच्या मीटिंगनंतर जे कोणी वारले त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहिल्याशिवाय आप्पासाहेब कामाला हात लावत नसत. एखाद्या महिन्यात गावात कोणी मेलंच नाही तर शेजारच्या गावात चौकशी करत. "मेलेल्या मानसाला मत नसतं," ते म्हणत, "पन त्याच्या घरात सात मतं असत्यात." पंचवीस वर्षांच्या सवयीने असं झालं होतं की कानावर 'मृत्यू' शब्द पडला की बाकीचे आप्पासाहेब विचार करत बसत आणि गुडघे आपोआप उभे राहत.

शनिवारी संगमनेरहून थेटरवाले चांदभाई आले. त्यांची अडचण अशी, की रविवारच्या सकाळच्या खेळाला मागवलेला मारामारीचा हिंदी पिक्चर आलाच नव्हता. पेटी उघडली तर आत इंग्रजी निघाला. साऱ्या संगमनेरात इंग्रजी पिक्चर बघणारे पाच, त्यातले दोघे झोपायला येत.

"जुन्या हॉलिवूडचा हाय, आप्पासाब," चांदभाई म्हणाले. "मुक्या पिक्चरचा जमाना. एक म्हातारा ॲक्टर जुनं सगळं याद करतो. लई नाजूक चीज हाय. सगळं गाव घेऊन या. जनानी मंडळींना पंखा. आन् तुमचा इंग्लिशचा मास्तर हाय की, त्याला माईक देतो. समजावून सांगंल."

आप्पासाहेबांनी डोळे बारीक केले. निवडणूक तोंडावर होती. गावाला हॉलिवूड दाखवलेला चेअरमन तालुक्यात दुसरा नव्हता. शिवाय मास्तराला इंग्रजी येतं की नुसतं शिकवता येतं, हेही मीटिंगच्या आधी कळणार होतं.

अडचण मास्तराची होती. त्याला इंग्रजी येत होतं, पण फळ्यावरचं. कर्तरीचं कर्मणी तो झोपेतही करी. मात्र इंग्रजी बोलणारा जिवंत माणूस त्याने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आधार एकच, चांदभाईंनी दिलेली गुलाबी जाहिरात. तिच्यावर मराठीत निम्मी गोष्ट छापली होती आणि शेवटी लिहिलं होतं, 'पुढे काय घडते ते रुपेरी पडद्यावरच पाहावे.'

रविवारी सकाळी दोन ट्रॉल्या भरून एकशेवीस माणसं संगमनेरात उतरली. पुरुष खाली, बायका वर. बायकांच्या पहिल्या ओळीत आप्पासाहेबांच्या थोरल्या बहीण बनुबाई, एक पाय लांब करून बसलेल्या. गुडघा दुखत असल्याने त्या कुणासाठी उठत नसत आणि वय झाल्याने कुणाचं ऐकत नसत. खाली आप्पासाहेबांच्या बरोबर मागे मंडळातले विरोधी सभासद राधाकृष्ण. विरोध करायचा तर माणूस समोर दिसायला हवा, म्हणून ते नेहमी मागेच बसत.

मास्तराला पडद्याच्या कडेला स्टुलावर बसवलं. पडद्यावर एक म्हातारा काठी टेकत आला. त्याने गंजक्या फाटकाचं कुलूप काढलं, पडक्या स्टुडिओत शिरला आणि खुर्चीत बसून सुस्कारा सोडला.

"हे हॉलिवूड," मास्तर माईकवर म्हणाला. "हे अमेरिकेत आहे. पश्चिमेला."

"अकोले तालुक्याच्या फुडं का?" कोणीतरी विचारलं.

"बरंच पुढं."

"मंग एवढं पडकं कसं? लई नाव ऐकलं व्हतं."

"ह्यांच्या बी चेअरमननं बांदकामात खाल्लं आसंल," राधाकृष्ण म्हणाले. आप्पासाहेबांनी मागे वळून पाहिलं नाही.

म्हाताऱ्याला जुने दिवस आठवू लागले. तो तरणाबांड झाला, घोड्यावर बसला, धुरळा उडाला. एका मिशीवाल्याने गोळी झाडली. तरणा छातीवर हात दाबत खाली कोसळला, आणि एका गोऱ्या बाईने त्याच्यावर अंग टाकून हंबरडा फोडला. वर बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

जाहिरातीत यातलं काही नव्हतं. पण छातीला गोळी आणि बाईचा हंबरडा यांचा अर्थ कुठल्याही भाषेत एकच. मास्तराने घसा खाकरला. "नायकाचा दुःखद मृत्यू झालेला आहे."

आप्पासाहेबांचे गुडघे उभे राहिले. पाठोपाठ आप्पासाहेब. चेअरमन उभे म्हटल्यावर ट्रॉलीने आलेली सगळी माणसं उभी राहिली, वरच्या बायकाही.

"पिक्चर फुडं चालू करन्याआदी," आप्पासाहेब गंभीर आवाजात म्हणाले, "दोन मिंटं स्तब्ध राहावं."

माना खाली गेल्या. त्याच वेळी पडद्यावर हातात भोंगा घेतलेला एक जाड्या आला, काहीतरी ओरडला, आणि मयत उठून बसला. त्याने विजार झटकली, मिशीवाल्याकडून विडी पेटवून घेतली आणि पाव खायला सुरुवात केली. हे कुणीच पाहिलं नाही, कारण सगळे त्याच्याच आत्म्यासाठी जमिनीकडे बघत होते. फक्त बनुबाई बसलेल्या होत्या.

"आरं आप्पा," वरून आवाज आला, "उठलं की रं तुझं मढं! पाव खातंय!"

माना वर झाल्या. मयत तोंड भरून हसत होता. क्षणभर थेटरात खरीखुरी स्तब्धता पसरली. मग राधाकृष्ण अदबीने म्हणाले, "चेअरमनसायेब, आमची दोन मिंटं परत द्या."

"मास्तर!" आप्पासाहेब गरजले. "मेला म्हनला व्हता ना तुमी?"

"सिनेमातला सिनेमा आहे, साहेब," घामाघूम मास्तर म्हणाला. "तो मरायचं काम करतो. खोटं मरण आहे ते."

"मंग आदी सांगाया नगं? जित्या मानसाचा दुखवटा करून ठिवला! आता फुडं कुनी मेलं, तर आदी खरं का खोटं ते सांगायचं. न्हाईतर उद्याचा विषय नंबर दोन उद्या येत न्हाई."

मास्तराला डोळ्यांपुढे सायकल दिसली. तिचा दिवा मिणमिणत होता.

पुढचा तासभर मात्र बरा गेला. नायक जहाजावरून बुडाला, मास्तर म्हणाला, "खोटं." तो निथळत वर आला. फाशी गेला, "खोटं." दोर काढून त्याने मान चोळली. लोकांना यातली गंमत कळली. तो पडला की सगळं थेटर ओरडे, "ऊठ रं भाद्दरा!" आणि तो उठे. आपल्या सांगण्याने उठणारा माणूस कोंढारवाडीने प्रथमच पाहिला होता. आप्पासाहेबसुद्धा खूश झाले आणि त्यांनी स्वतः एकदा त्याला ऊठ म्हणून पाहिलं.

मग पडद्यावर एक म्हातारी आली. नायकाची आई. खाटेवर पडलेली, खोकणारी. नायक तिच्या उशाशी बसला. ती त्याच्या गालावरून हात फिरवत काहीतरी म्हणाली आणि हात गळून पडला. नायक ओक्साबोक्शी रडू लागला.

"मास्तर," आप्पासाहेबांनी विचारलं, "खरं का खोटं?"

मास्तराने जाहिरात उलटी करून पाहिली. मागे दंतमंजनाची जाहिरात होती. आतापर्यंत पडद्यावर पाच मरणं झाली होती, पाचही वेळा मेलेला उठला होता. गणिताच्या मास्तरानेही हाच निष्कर्ष काढला असता.

"खोटं," मास्तर म्हणाला.

"ऊठ गं म्हातारे!" थेटर आनंदाने ओरडलं. "पाव आलाय!"

म्हातारी उठली नाही. तिला पेटीत घातलं. पेटी खांद्यावर घेतली. लोक हसत, शिट्ट्या मारत वाट बघत होते. पेटी खड्ड्यात सोडली, पाद्र्याने पुस्तक वाचलं, वर माती पडू लागली. शिट्ट्या थांबल्या.

"आगं बाई!" बनुबाई किंचाळल्या. "जित्तीला पुरली की गं म्हातारी!"

मग जे झालं त्याला चांदभाईंच्या थेटरात तोड नव्हती. वरून बायका नायकाला शिव्या देऊ लागल्या. खालची चार-सहा माणसं खड्डा उकरायच्या तयारीने पडद्याकडे धावली. "पोटच्या पोरानं!" "पयल्यापास्नंच बेनं नाटकी व्हतं!" चांदभाई पडद्यापुढे हात पसरून उभे राहिले. "आवो पडदा हाय! कपडा हाय! फाटंल!"

"थांबा!" मास्तर माईकवर ओरडला. "चुकलं माझं! खरी मेली ती! खरंच मेली!"

सगळे थांबले. जागच्या जागी बसले. कोणाला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघवेना. मेलेल्या बाईला आपण पाव आल्याचं सांगितलं, हे हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"आप्पा," वरून बनुबाई म्हणाल्या, आता हळू आवाजात, "त्या नाटक्यासाठी उभा ऱ्हायलास. म्हातारीसाठी कोन रं?"

पण तोवर गोष्ट पुढे सरकली होती, आणि पहिल्या खेपेला पोळलेल्या आप्पासाहेबांचे गुडघे काही उठेनात.

शेवटी आठवणी संपल्या. पुन्हा तो पडका स्टुडिओ, तीच खुर्ची, तोच म्हातारा. त्याने डोळे मिटले. बोटांतली विडी खाली पडली. काठी घरंगळली. बारीक वाजंत्री वाजली, पांढरी अक्षरं आली, दिवे लागले.

कोणीही उठलं नाही.

"चला मंडळी," चांदभाई म्हणाले. "खतम झाला."

"तो उटंल की आता," पुढच्या ओळीतला एक जण म्हणाला. "उठल्यावर जाऊ."

"आवो, बाराचा खेळ हाय! बाहेर पब्लिक हुभी हाय!"

"तिला म्हनावं थांब. मागं आपन हसत बसलो तवर म्हातारीला पुरलं. आता उठून गेलो तर ह्याला बी पुरत्याल."

बाहेर दार वाजू लागलं. चांदभाई मास्तराकडे धावले. "मास्तरसाब, सांगून टाका काहीतरी!"

मास्तर माईक हातात घेऊन उभा राहिला. मेला म्हणावं, तर आप्पासाहेबांना दुसऱ्यांदा उभं राहावं लागणार. आणि तो उठला तर मास्तर बसणार. खोटं म्हणावं, तर ही मंडळी दिवाळीपर्यंत इथेच. मास्तराने समोर पाहिलं. दोन वर्षं तो वर्गात प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत आला होता, त्यातली काही बरोबरही होती. आज पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघून गेलं,

"मला कळलं नाही, साहेब. जिवंत आहे की मेला, मला सांगता येत नाही."

आप्पासाहेबांनी तोंड फिरवलं. आगगाडीचे तिन्ही डबे सुटून मागे गेल्याचा आवाज मास्तराला स्पष्ट ऐकू आला.

चांदभाई मात्र धंद्यातले. ते धावत मशीनच्या खोलीत गेले. पाच मिनिटांत दिवे मालवले आणि पुन्हा पहिलं रीळ लागलं. म्हातारा काठी टेकत, ठणठणीत चालत आला आणि त्याने फाटकाचं कुलूप काढलं.

"उठला!" एकशेवीस तोंडांतून गजर झाला. टाळ्या पडल्या. टोप्या उडाल्या. मंडळी समाधानाने उठली आणि ट्रॉल्यांकडे निघाली. मास्तर एकटाच अंधारात उभा होता. पहिलं रीळ त्याने ओळखलं होतं. म्हणजे म्हातारा उठला नव्हता, गोष्ट त्याच्या मरणावरच संपली होती. आता त्याला सगळं कळलं होतं, आणि विचारणारं कोणी नव्हतं.

सोमवारी सकाळी बनुबाईंनी भावापुढे अट ठेवली. हॉलिवूडच्या म्हातारीची दोन मिनिटं झाल्याशिवाय त्या अन्नाला शिवणार नव्हत्या. आप्पासाहेब बहिणीला भीत. तिच्या घरातही सात मतं होती. मीटिंगला सात सभासद जमले. मास्तर दारापाशी उभा होता.

"मास्तर, म्हातारीचं नाव काय? ठरावात घालाया पायजे."

"कळलं नाही, साहेब. तिला सगळे आईच म्हणत होते."

"मंग तसंच ल्ह्या," राधाकृष्ण म्हणाले. विरोधकांनी दिलेलं ते त्या वर्षीचं एकमेव अनुमोदन. सगळे उभे राहिले, दोन मिनिटांनी बसले. मास्तर उभाच राहिला, मान खाली घालून.

"आता कुनासाटी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"पाय आखडलाय, साहेब. दोन मिनिटं."

"बरं. विषय नंबर दोन. मास्तरला कायम करनं." आप्पासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "बनुआक्का म्हनती, या गावात येत न्हाई ते येत न्हाई म्हनलेला हा पयला मानूस. चेअरमन धरून." राधाकृष्णांना यालाही विरोध करता आला नाही.

नोकरी मिळाली, बायको मिळाली, सायकल आली. दिवा मात्र पाटलांनी उतरवून ठेवला. आता हिशेब मांडायचा तर असा: खोट्या मरणाला कोंढारवाडीने माणशी दोन मिनिटं दिली, म्हणजे बनुबाई वगळता जवळजवळ चार तास. म्हातारीच्या खऱ्या मरणाला सात जणांची मिळून चौदा मिनिटं. आणि तो म्हातारा गावाच्या हिशेबी आजही जिवंत आहे. त्याची दोन मिनिटं मास्तराने आखडलेल्या पायाच्या नावावर एकट्याने भरली.