वरच्या ओळीचा खिळा

मुनीरमामांनी भर लग्नात माजी सरपंचांना खुर्चीसकट ओढलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मंगलाष्टकं चालू होती. सगळं वऱ्हाड अक्षता हातात घेऊन स्टेजकडे बघत होतं आणि मामा कमरेत वाकून खुर्च्यांच्या पायांकडे बघत होते. एक खुर्ची ओळ सोडून वीतभर पुढं आली होती. तिच्यावर गुडघेदुखीचे माजी सरपंच बसलेले आहेत, ही गोष्ट मामांच्या लेखी किरकोळ होती. त्यांनी मागून खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि सरपंचांना अक्षतांसकट मागं ओळीत आणून ठेवलं.

"कोण आहे रे?" सरपंच गरजले.

"बसा, बसा अण्णा," मामा म्हणाले, "मागच्याला दिसत नव्हतं."

मागं कुणी नव्हतंच. मागच्या ओळी कधीच जेवणाच्या पंगतीला पळाल्या होत्या.

मुनीर शेख हे आमच्या यवतचे जुने मांडववाले. माझा धंदा जनरेटरचा, त्यामुळं जिथं त्यांचा मांडव तिथं माझी घरघर. खुर्च्या मांडताना मामा सुतळी धरतात. मांडून झाल्या की अगदी शेवटच्या खुर्चीवर स्वतः जाऊन बसतात, मान इकडेतिकडे करतात आणि स्वतःलाच विचारतात, "मागच्याला दिसतंय का?" घरीही तेच. दारातल्या चपला ओळीत, मोरीतल्या बादल्या ओळीत. माझ्याकडं चहाला आले की बशीतली बिस्किटं आधी सरळ करतात, मग खातात. मामी होत्या तेव्हा म्हणायच्या, "निकाह के दिन बी ये मेरे कू नै, खुर्च्यां कू देख रहे थे." मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून मामांचं बोलणं आणखीनच कमी झालं. आधी तरी कुठं भरभरून बोलत होते म्हणा!

तर अशा माणसाच्या हातात ऑनलाइन शीट आली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

झालं असं, की यवत-वरवंडच्या पट्ट्यातले आम्ही सगळे छोटे धंदेवाले. कुणाकडं खुर्च्या जास्त, कुणाकडं कढया, कुणाकडं कनाती. लग्नसराईत एकमेकांचं सामान घेऊन निभावतो. पण सगळा कारभार तोंडी, आणि दाट तिथीला एकाच खुर्च्या दोन लग्नांत कबूल व्हायच्या. मामांची लेक रुबिना मस्कतला नर्स आहे. ती सुट्टीवर आली होती तेव्हा आमची भांडणं ऐकून वैतागली आणि तिनंच ही शीट करून दिली. प्रत्येक ओळीत एक कार्य, प्रत्येक रकान्यात एक सामान. ज्यानं त्यानं आपापल्या फोनवरून भरायचं.

पहिल्याच आठवड्यात न्हावऱ्याच्या बापूंनी शीट खाली ओढली. वरची नावं दिसेनाशी झाली आणि खुर्च्यांचा आकडा गेला कढयांच्या रकान्यात. बारशाला टेम्पो भरून कढया आल्या. मग रुबिनानं वरची ओळ फ्रीज केली. आता शीट पार तळापर्यंत नेली तरी खुर्च्या, सोफे, कढया अशी नावांची ओळ वर जागच्या जागी. मामांनी ते करून बघितलं. खाली गेले, वर आले, परत खाली गेले. मग म्हणाले, "म्हंजी वरच्या ओळीला खिळा मारला म्हण की." मांडवाचा पहिला खांब पक्का करावा तशी ती गोष्ट त्यांच्या मनात बसली. त्या दिवसापासून ते शीटचे मालक, चौकीदार आणि झाडूवाले.

झाडूची गरज होतीच. आमच्या लोकांना शीट आणि व्हॉट्सॲप यांतला फरक कळायला वेळ लागला. कुणी सोफ्याच्या रकान्यात 'शुभ सकाळ' लिहायचं. त्याखाली दुसरा हात जोडल्याची चित्रं टाकायचा. बापूंनी एकदा कनातीच्या रकान्यात म्हैस विकणे आहे असं टाकलं आणि दोघांनी तिथंच भाव विचारला. मामा सकाळी उठून हे सगळं पुसत. दोन चौकोन एकात मिसळले की त्यांना घरातली भिंत पाडल्यासारखं वाटे. रकाना कुणी लपवला तर म्हणत, "कनात कुणी लावली रं मधी? कनातीमागं काय चाललंय ते समद्यांना कळाया पायजे."

मामांची एकच गोष्ट आम्हाला खटकायची. शीटमधली अक्षरं दिवसेंदिवस मोठी होत चालली होती. माझ्या फोनवर एका वेळी जेमतेम दोन रकाने मावायचे. 'खुर्च्या' हा शब्द सबंध वाचायला बोट सरकवावं लागे. बोललो तर मामा म्हणत, "ऱ्हाऊ दे. बरं हाय."

त्यातून वरवंडचा गणेश. पोरगा हुशार, धंद्यात नवा, अंगात उत्साह मावत नाही. त्यानं एकदा फिल्टर लावला, फक्त वरवंडची कार्यं दिसतील असा. तो त्याला एकट्याला लागला असता तर ठीक, पण लागला सगळ्यांना. बापूंचा फोन आला तेव्हा ते रडायच्या बेतात होते. "मामा, माझं नाव उडालं वो! समदी लग्नं गेली!" मामा गणेशला फोन करत राहिले, तो उचलेना. शेवटी स्कूटर काढून वरवंडला गेले, गणेशला हळदीच्या मांडवातून बाहेर बोलावलं आणि समोर उभं राहून फिल्टर काढायला लावला. खरं तर तो यवतमध्ये बसूनही काढता आला असता. पण मामांचं म्हणणं, "ज्यानं कनात लावली त्यानंच सोडायची."

आणि मग तो सॉर्टचा प्रसंग. गणेशला नावं अकारविल्हे हवी होती. त्यानं फक्त नावांचा रकाना निवडला आणि बटण दाबलं. नावं शहाण्यासारखी ओळीत उभी राहिली, पण त्यांच्या पुढचं सामान जागचं हललं नाही. एकाचं नाव, दुसऱ्याचं सामान. मामा नेमके नातलगाकडं पाबळला गेलेले, शीट बघायला कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पाटसजवळ एका लग्नघरी पांढऱ्या सतरंज्या आणि भजनाचा माईक उतरला. आणि तिकडं दशक्रियेला गुलाबाची कमान, बदामाच्या आकाराचं गेट आणि नवरा-नवरीचा सोनेरी सिंहासन-सोफा! मी जनरेटर घेऊन तिथंच होतो. प्रवचनकार महाराज त्या कमानीखाली उभे राहून देहाच्या नश्वरतेवर बोलायला लागले. गेलेल्या म्हाताऱ्याचा थोरला मुलगा सोफ्याकडं बघून हळूच म्हणाला, "आबा असते तर बसले असते. हौशी व्हते."

मामांनी जुनी प्रत शोधून शीट पूर्वीसारखी केली, पण व्हायची ती शोभा झाली होती. गणेशनं बैठक बोलावली आणि स्वतःच्या चुकीचं खापर बिनदिक्कत शीटवर फोडलं. म्हणाला, "मामा, शीटचा जमाना गेला. ॲप घेऊ. कुणाला काही हलवता येणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. दोन रकाने बघून बघून माझे डोळे दुखत होते. आषाढ लागला, मुहूर्त संपले, की शीट कायमची बंद, असं ठरलं.

मामांनी एकच विचारलं, "ॲपात वरच्या ओळीला खिळा मारता येतो का?"

"मामा, ॲपात ओळीच नसतात," गणेश हसून म्हणाला.

मामा उठले आणि चहा न घेता गेले. ते तसे कधी जात नाहीत. कप तरी ओळीत लावून जातात.

म्हाताऱ्याला समजावायचं काम माझ्यावर आलं, कारण माझं तोंड चालतं असा लौकिक आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. मामांनी धुतलेला सदरा घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता. टेबलावर रुबिनाचा जुना लॅपटॉप उघडा.

"कुठं निघालात की काय मामा?"

"न्हाई. बस. टाइम झालाय."

मी बसलो. कुणीतरी पाहुणा येणार असं वाटून दाराकडं बघत राहिलो. मामा पडद्याकडं बघत होते. इतक्यात शीटच्या अगदी पहिल्या चौकोनाभोवती गुलाबी चौकट उमटली.

"आली," मामा म्हणाले.

"कोण?"

"रुबी. डूटीवरनं आली की उघडती."

मी त्या चौकटीकडं बघितलं. शीटमध्ये जो कुणी येतो त्याच्या रंगाची चौकट दिसते, हे मलाही ठाऊक होतं. गणेशची दिसली की मी शिव्या देत असे.

"मामा, मग फोनच करायचा की सरळ."

"फोनवर काय बोलू?" मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "'जेवलीस का?' 'व्हय अब्बा.' 'बरं.' सपलं. मग दोघं बी गप. परदेशातला फोन, आन् गप बसायचं, बरं न्हाई वाटत. तिच्या आईला बोलता यायचं. ती गेली तवापासनं आमचं दोघांचं बोलणंच आडून बसलंय."

"आणि हितं?"

"हितं बोलाया लागत न्हाई. ती तिचं बघती, मी माझं करतो."

त्यांनी शीट खाली ओढली. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, बापूंची बारशी गेली, शीट पार तळाला गेली. गुलाबी चौकट वर होती तिथंच.

"बघ. वरच्या ओळीला खिळा हाय. ती तितंच बसती. मी कुठं बी काम करत असलो तरी दिसती."

तेवढ्यात पडद्यावरची अक्षरं आपोआप आणखी थोडी मोठी झाली. मामा चष्म्याची काडी कानावर नीट करत हसले. "माझ्या डोळ्यांचं तिला कळलंय. मोतीबिंदू पिकलाय म्हणून कुणी सांगितलं कुणास ठावं."

मी जनरेटरवाला माणूस, दिवसरात्र घरघर ऐकून कान बधिर झालेला. पण त्या खोलीतली शांतता मला सहन होईना. चहा झाला की निघालो. ॲपचं नावही काढलं नाही.

गणेशला सांगितलं, "ॲप घे. पण शीट बंद होणार नाही."

"अहो दत्ताभाऊ, दोन्हीकडं कोण लिहिणार?"

"मी लिहीन."

गणेश माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. बिलाच्या पावतीवर तारीख घालायलाही मला कंटाळा येतो, हे साऱ्या दौंड तालुक्याला माहीत आहे. त्यानं कारण विचारलं. मी म्हणालो, "मागच्याला दिसलं पाहिजे." त्याला ते कळलं नाही आणि मी समजावलंही नाही.

आषाढ लागला. मांडवाचे बांबू गोडाऊनला गेले, जनरेटरवर ताडपत्री चढली. शीटमध्ये लिहिण्यासारखं काही उरलं नाही. एका संध्याकाळी दुसरंच काही शोधताना चुकून मी ती उघडली. वरच्या ओळीत गुलाबी चौकट होती. शेजारच्या चौकोनात मामांची हिरवी. दोन्ही स्थिर. आणि माझी चौकट नेमकी गुलाबीवरच जाऊन बसली! नको तिथं दार ढकलल्यासारखं झालं. मी घाईघाईनं बाहेर पडलो.

सकाळी मामांचा फोन.

"काल आला व्हतास?"

"चुकून, मामा. लगेच निघालो."

"आरं, आला व्हतास तर बसायचं की. रुबीला वर तुझं नाव दिसलं. 'अब्बा, कौन आया था?' म्हणून फोन आला तिचा. मग तुझं सांगितलं, तुझ्या जनरेटरचं सांगितलं, त्या दशक्रियेच्या सोफ्याचं सांगितलं. लई हसली. तिच्या आईवानी हसती."

फोन ठेवता ठेवता मामा म्हणाले, "आज बी येऊन जा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी शीटवर जातो. पहिले दोन चौकोन सोडून बसतो, आणि मामांना सकाळी पुसायला कनातीच्या रकान्यात काहीतरी चुकीचं लिहून येतो.