तुलांगचा खर्ज

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मारोलोप सिनागाच्या मोटरसायकलचा सूर एकदाचा लागला, आणि तो कानात साठवून घेण्याआधीच त्याचे सासरे आले.

मोटरसायकल इंग्रजी, महायुद्धातली. लष्कर ती मागे टाकून गेलं, सियांतार गावच्या लोकांनी तिला शेजारी छपराची बैठक जोडली आणि तिचा बेचाक करून सवाऱ्या न्यायला सुरुवात केली. मारोलोपच्या वडिलांनी हा बेचाक चालवला, आता तो चालवत होता. एवढ्या काळात तिचा एकेक भाग बदलून झाला होता. मूळचं म्हणावं असं तिचं वय तेवढं उरलं होतं. कार्बोरेटर ठिबकायचा, म्हणून इंजिन थांबवलं की हात आपोआप टाकीखाली जाऊन पेट्रोलचा कॉक बंद करायचा. ही सवयही वडिलार्जितच.

उद्या धाकट्या मेव्हणीचं लग्न होतं. सासऱ्यांना घरून चर्चमध्ये कोण नेणार, हा प्रश्न होता. मधला जावई बिन्सार पामतेलाच्या मळ्याच्या ऑफिसात होता. त्याच्याकडे एसीची मोटार होती. मोठ्या जावयाकडे, म्हणजे मारोलोपकडे, फक्त मोठेपणा होता. सासऱ्यांनी निकाल अर्धवट ठेवला होता. "बेचाक नीट वाजत असेल तर बेचाकमधून येईन. वाटेत खोकणार असेल तर बिन्सार आहेच."

इथला बाताक जमातीचा माणूस बायकोच्या बापाला तुलांग म्हणतो आणि तुलांगला नाही म्हणत नाही. देवाला एखादे वेळी म्हणेल.

त्यातून या तुलांगचा सगळा जन्म चर्चच्या गायनवृंदाला ताल देण्यात गेलेला. ते अंगणात आले, डोळे मिटून उभे राहिले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

"काय रे हे? वरच्या पट्टीत का लावलंयस?"

"ठोका सारखा आहे, तुलांग. ऐका ना. टुक, टुक, टुक."

"सारखा आहे, पण छातीतून येत नाही. पोराला बायकांच्या रांगेत उभं केल्यासारखं वाटतंय. स्क्रूड्रायव्हर दे."

मारोलोपने स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांनी दिला. रीतच तशी आहे. तुलांगनी हवेचा स्क्रू आत पिळला. इंजिन ढुब म्हणालं, थांबलं, विचार केला, पुन्हा ढुब-ढुब म्हणालं आणि सायलेन्सरमधून काळा धूर सोडता झालं. दोरीवर लग्नाचे कपडे वाळत होते.

"बापा! माझा पांढरा ब्लाऊज!" त्याची बायको रुमिंता स्वयंपाकघरातून ओरडली.

"याला म्हणतात खर्ज," तुलांग म्हणाले आणि कॉफी प्यायला आत गेले.

मारोलोपने हळूच स्क्रू मागे फिरवला. धूर थांबला. लगेच खिडकीतून आवाज आला, "कोण हात लावतंय?"

तुलांग बाहेर आले आणि या खेपेला त्यांनी स्क्रू आणखी आत नेला. एवढ्यात मोठा मेव्हणा मांगासी आला. बायकोचा भाऊ, म्हणजे त्यालाही नाही म्हणता येत नाही.

"अजून थोडा, बापा. अजून पोटातून नाही आला."

"तू पिळ."

मांगासीने पिळला. इंजिन बंद पडलं.

"दमलंय," तुलांग म्हणाले. "राहू दे. उद्या सकाळी येऊन शेवटचा हात मारतो. तोवर कुणी शिवायचं नाही."

ते गेल्यावर मारोलोप पायरीवर बसला. रुमिंता दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायला काढत होती.

"उद्या बिन्सारच्या गाडीतून जाणार तुझा बाप."

"तुम्ही त्यांना नाही का सांगत?"

"तू सांग."

"माझा बाप आहे तो. मला काय वेड लागलंय?" तिने बादली खाली ठेवली. "आपला तोगार लहान होता तेव्हा हँडल धरायचा हट्ट करायचा, आठवतं? मग तुम्ही बैठकीत त्याच्यापुढे एक मोडकं हँडल ठोकून दिलंत. दिवसभर तोच गाडी चालवायचा."

मारोलोपने बायकोकडे नव्याने पाहिलं आणि भंगाराची पेटी उघडली.

वडिलांच्या वेळचा एक मेलेला कार्बोरेटर त्यात होता. राखेने घासल्यावर तो खऱ्यापेक्षा खरा दिसायला लागला. मारोलोपने तो बाहेरच्या बाजूला, सहज हात पोचेल असा, सांगाड्याला बोल्टने आवळला. खऱ्याचा सूर पुन्हा लावला आणि त्याच्या स्क्रूपुढे बिस्किटाच्या डब्याचा पत्रा वाकवून बसवला.

सकाळी तुलांग कोट घालून, खांद्यावर उलोस टाकून आले. लग्नाकार्याला ही हातमागाची शाल हवीच. मांगासी मागे होता. कोपऱ्यावर बिन्सारची मोटार मंडळींना घेऊन थांबली होती, पुढची एक जागा मुद्दाम रिकामी ठेवून.

"हे दोन कसे?"

"जोड कार्बोरेटर, तुलांग. हा बाहेरचा फक्त खर्जासाठी."

तुलांगनी त्या चकाकत्या वस्तूकडे बराच वेळ पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. मग हात पुढे केला. स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांनी दिला गेला. त्यांनी मान तिरकी करून स्क्रू केसभर फिरवला. इंजिन जसं चाललं होतं तसंच चालत राहिलं.

"हं," तुलांग म्हणाले. "आता."

"जमीन-अस्मानाचा फरक!" मांगासी म्हणाला.

कुंपणाबाहेर शेजारचा गोक्लास आपला बेचाक घेऊन उभा होता. "लाए, दोस्ता, मलाही एक खर्जाचा बसवून दे की! आणि तुलांग, तोवर माझ्या एकुलत्या एका कार्बोरेटरलाच जरा हात लावा ना."

तुलांगना नाही म्हणायची सवय नव्हती. त्यांना ती कुणी लागूच दिली नव्हती. ते गोक्लासकडे वळले. एकाच वेळी दोन इंजिनं नकोत म्हणून मारोलोपने आपलं बंद केलं आणि त्याचा हात आपोआप टाकीखाली गेला. गोक्लासचं झालं तेव्हा त्याच्यामागे आणखी बेचाकवाले येऊन उभे होते. प्रत्येकाला खर्ज मिळाला. गल्ली काळी झाली. मग चर्चची घंटा वाजली आणि सगळ्यांना लग्न आठवलं.

"चल, चल, चल!" तुलांग बैठकीत चढले. मारोलोपने किक मारली. इंजिन पहिल्याच किकला सुरू झालं आणि टुक-टुक करत ऐन बाजारापर्यंत गेलं. तिथे भरगर्दीत, मासेवालींच्या समोर, ते मुकाट्याने बंद पडलं.

मारोलोपने किक मारली. पुन्हा मारली. नव्या शर्टची पाठ भिजली. मागून बिन्सारच्या मोटारीचा हॉर्न वाजला आणि पाठोपाठ बिन्सार आला, हातरुमालाने घाम न पुसता, कारण त्याला तो आलाच नव्हता.

"तुलांग, गाडीत बसा ना. आत मस्त गार आहे."

"अहो मास्तर," एक मासेवाली ओरडली, "पोरीचं लग्न इथेच लावताय का?"

बाजार हसला. मारोलोपने मान खाली घातली. उद्यापासून याच बाजारात सवाऱ्या शोधायच्या होत्या.

तुलांग सावकाश उतरले. "स्क्रूड्रायव्हर."

त्यांनी डावा हात आधाराला टाकीपाशी टेकवला, कण्हत वाकले आणि उजव्या हाताने बाहेरचा स्क्रू फिरवला. मान तिरकी केली. पुन्हा फिरवला. मग स्क्रूड्रायव्हर रुमालाने पुसला, रुमालाची नीट घडी केली.

"मार किक."

इंजिन सुरू झालं. मासेवालींनी टाळ्या वाजवल्या. बिन्सार आपल्या गार मोटारीत परत गेला. खर्जाची सोय तिच्यात नव्हती.

लग्न लागलं. जेवणं झाली, मसाल्याच्या माशाचे काटे ताटात उरले, ढोल वाजले. दिवसाचा मान नव्या जावयाचा, पण तुलांगनी सगळ्यांदेखत मोठ्याला पुढे बोलावलं. "याने मला सुरात आणलं," ते म्हणाले आणि त्यांनी मारोलोपच्या खांद्यांवर उलोस पांघरला. पाहुण्यांत वाहवा झाली. बिन्सारनेही वाजवायच्या तेवढ्या टाळ्या वाजवल्या. शालीची टोकं नीट करायला तुलांग जवळ आले आणि जावयाच्या कानाशी वाकले.

"कॉक बंद होता."

मारोलोपने आपल्याच हाताकडे पाहिलं.

"आणि त्या दुसऱ्या कार्बोरेटरला निदान एक नळी तरी जोड रे. लोकांना डोळे असतात."

"तुलांग, ते म्हणजे..."

"गप. सगळे बघतायत. हस."

मारोलोप हसला.

"उद्या प्रार्थना झाली की येतो," तुलांगनी शालीचं टोक घट्ट ओढलं. "तो बिस्किटाचा पत्रा काढून ठेव. खऱ्याला अजून खर्ज लागलेला नाही."

"हो, तुलांग," मारोलोप म्हणाला.