चंद्रकोर आणि तीन टिंबं

कुठलंही पातं पुढं धरा, त्यावरचा ठसा बघून उंब्रजचे हंबीरराव ते ठोकणाऱ्या लोहाराच्या आज्याचं नाव सांगत! निदान, सांगतो असं म्हणत तरी. महायुद्ध संपल्यावर पलटणीतून पेन्शनीत आलेला हा गडी. बाकीच्या शिपायांनी परमुलखातून घड्याळं आणली, ह्यांनी ट्रंकभर खंजीर आणि जंबिये. दहांचे ठसे ओळखून झाले होते. अडली होती ती अकरावी, घरातलीच, हंबीररावांच्या आज्याची कट्यार. तिच्या मुठीखालच्या पितळी पट्टीवर एक चंद्रकोर होती, खाली तीन टिंबं. हा ठसा कुठल्याच कारागिराशी जुळेना.

मग हंबीररावांनी आपली खास विद्या लावली. दुपारी ओसरीवर आडवं व्हायचं, कट्यार छातीवर ठेवायची आणि डोळे मिटायचे. कृष्णेचा काठ हळूच सरकून जायचा आणि वाळूच वाळू पसरायची. लांबून उंटांच्या घंटा यायच्या. खजुरीखाली एक म्हातारा लोहार बसलेला, दाढी गुडघ्यावर. चंद्राकडं बघत तो घाव घालायचा, आणि तीन चांदण्या ठिणग्यांसारख्या ऐरणीवर पडायच्या. एकदा तर त्यानं मान वर करून हंबीररावांकडं तंबाखू मागितली. आणखी काय पुरावा पाहिजे?

चावडी मात्र पोट धरून हसली. तेव्हा हंबीररावांनी सांगलीच्या अण्णाप्पा मगदुमांना पत्र घातलं. अण्णाप्पा हळदीचे व्यापारी, पण जीव सगळा जुन्या हत्यारांत. ठशावर पातळ कागद ठेवायचा, वर पेन्सिल घासायची आणि उमटलेली नक्कल एका जाड वहीत चिकटवून खाली धन्याचं नाव लिहायचं, हा त्यांचा नेम. त्या वहीत नाव लागलं की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत माणूस जाणकार ठरला. हंबीररावांना त्या वहीत जायचं होतं. मग चावडी कशी हसते ते बघू!

अण्णाप्पा आले. भिंग लावून घटकाभर बघत राहिले. असा ठसा आपण जन्मात बघितला नाही, म्हणाले. हंबीररावांनी लोहार सांगितला, वाळू सांगितली, उंट सांगितले. ऐकता ऐकता पाहुण्यांचेही डोळे मिटले, आणि दोन पोक्त माणसं एकाच उंटावर बसून डुलत डुलत खजुरीच्या बनातून निघाली.

"बघा की ओ," अण्णाप्पा डोळे न उघडता म्हणाले, "चंद्र किती खाली आलाय."

तेवढ्यात हंबीररावांची बायको राहीबाई पाण्याचा तांब्या ठेवून गेली. अण्णाप्पांनी तो उंच धरून वरून तोंडात धार सोडली आणि समोर बसलेल्या हंबीररावांना तांब्याचं बूड दिसलं. बुडावर चंद्रकोर. खाली तीन टिंबं.

उंट मटकन बसला.

लग्नाला तीस वर्षं झालेली. पलटणीतली सोडली तर बाकीची ह्याच ताटावाट्यांत जेवण्यात गेलेली. पण भांडं उपडं करून बघायचा प्रसंग पुरुषावर येतो कुठं? त्यांनी पाहुण्याच्या हातातला तांब्या काढून घेतला, आत पळाले आणि पत्रावळीवर वाढ, पितळ बाहेर काढू नको, असं बायकोला कानात बजावलं.

राहीबाईला ते झोंबलं. घरात धड भांडंसुद्धा नाही, असं पाहुण्यानं सांगलीत जाऊन सांगायचं? तिनं फडताळ रिकामं केलं, सगळं पितळ धुतलं आणि पाहुण्यासमोर ओसरीच्या उन्हात ओळीनं उपडं घातलं. भर दुपारी बावीस चंद्र उगवले.

अण्णाप्पा भिंग घेऊन वाकले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत गेले.

"हंबीरराव," ते म्हणाले, "उंट सैपाकघरात बी येत हुता काय?"

हंबीरराव आढ्याकडं बघत होते. बोलली ती राहीबाई.

"आवं, ती माजी खूण हाय. पालीच्या जत्रंत ठोकून घेतलीया. लग्नाकार्यात भांडी मिसळत्यात, आन मला काय वाचाया येत न्हाई. ह्ये पलटणीत हुते तवा गावातला दर नवरदेव लिंबू खोचून हातात धरायला हीच कट्यार न्यायचा. दोनदा बदलून आली. मग म्हनलं, हिच्यावर बी खूण असू द्या."

अण्णाप्पा हसले नाहीत. त्यांनी पितळी पट्टीवर कागद ठेवला, पेन्सिल घासली आणि वही उघडली. ठसा घालून घेणारी धनीण जित्ती समोर उभी आहे, असा ठसा आपल्या वहीत दुसरा नाही, म्हणाले. पूर्ण नाव विचारलं.

"राहीबाई," ती म्हणाली आणि थांबली. पुढं नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? पदर तोंडाला लावून ती भिंतीकडं वळली. अण्णाप्पांची पेन्सिल कागदावर थांबून राहिली.

शेवटी हंबीररावांनीच घसा खाकरला.

"हंबीरराव," ते म्हणाले. "मधी लिवा."